गाठ नंबर चारशे सतरा

आमच्या हिनं पुसदच्या एसटीत बसताना खिडकीतून मला एकच काम सांगितलं होतं. "मागची खोली रिकामी करून ठेवजा. गाठोडी जशीच्या तशी माळ्यावर चढवा. सोडू नोका." मी मान हलवली. ती प्रमिलाला, म्हणजे आमच्या लेकीला, पहिल्या बाळंतपणासाठी दिग्रसला आणायला निघाली होती. बाळंतिणीची खोली तीच ठरली होती, आणि त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बुधवारी मायलेकी परत येणार होत्या. काम सोपं होतं, आणि ते मी सोपं राहू दिलं असतं तर ही हकिकत सांगायची वेळ माझ्यावर आली नसती.

खोलीत काय होतं, तर गोधड्यांचं कापड. तेवीस गाठोडी. आमच्या घरात कापड मरत नाही. धोतर फाटलं की त्याचा पंचा होतो, पंचा फाटला की पोतेरं होणार तेवढ्यात आमची ही, विमल, येऊन तो काढून घेते, धुते, आणि कोणत्या तरी गाठोड्यात घालते. लुगडी, पोलकी, परकर, माझे शर्ट, प्रमिलाची लहानपणची झबली, शेजारच्या बायांनी "असू द्या जी" म्हणून दिलेले तुकडे. वर्षाकाठी त्यातून चार-पाच गोधड्या व्हायच्या आणि वर्षाकाठी दोन गाठोडी वाढायची. हा हिशेब मी तिला एकदा समजावून सांगितला होता. ती म्हणाली, "तुमी जेवून घ्या."

आता माझ्याविषयी दोन शब्द. मी कचेरीत आवक-जावक कारकून. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, गेलेल्या कागदाचा नंबर लिहायचा. लोकांना हे काम क्षुल्लक वाटतं. पण चार वर्षांच्या आत आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आणि मुंबई राज्यातून महाराष्ट्रात गेलो, तेही घर न हलवता, आणि दोन्ही वेळा शिक्के, पाकिटं, नोंदवह्या सगळं मी एकट्यानं बदललं. एक कागद हरवला नाही. "आवक नाही तर जावक कशी?" हे माझं वाक्य गावात सगळ्यांना पाठ आहे. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे मुनीम पुंडलिकराव यांचा टिनाच्या शेडचा अर्ज मी याच वाक्यावर तीनदा परत पाठवला होता. तीन सरकारं ज्यानं कपाटात बसवली, त्याला तेवीस गाठोडी काय भारी होती?

म्हणून शुक्रवारी कचेरी सुटल्यावर मी पहिलं गाठोडं सोडलं.

शनिवार दुपारपर्यंत तेवीसही सोडली. नवी कोरी नोंदवही काढली, रकाने पाडले. अनुक्रमांक, रंग, पोत, लांबी, शेरा. एकेक नग हातात घेऊन नोंद करायची आणि रंगाप्रमाणे ढिगात टाकायचा. लाल इकडं, पांढरे तिकडं, काळे जाड खिडकीपाशी. विमलनं बाईमाणसाच्या अक्कलहुशारीनं कशाही बांधून ठेवलेल्या कापडाला आयुष्यात पहिल्यांदा शिस्त लागत होती. रविवारी सकाळी अनुक्रमांक सहाशे चाळीसवर मी वही मिटली आणि उभा राहून पाहिलं. खोली भरली होती ती भरलीच होती, शिवाय ओसरी भरली होती, माजघर भरलं होतं, आणि चुलीपर्यंत जायला मला निळ्यावरून पाय टाकावा लागत होता. बांधलेलं कापड सोडलं की तिप्पट होतं हे मला कोणत्याच सरकारनं शिकवलं नव्हतं.

शेजारचे सदाशिवराव दारात आले. घरची कपाशी, घरची तूर, आणि सल्ला तर घरचाच. "काय बाबूसायेब, दुकान टाकून राह्यले काय?"

मी म्हणालो, "वर्गीकरण सुरू आहे."

"करा जी करा. पण यात कडुलिंबाचा पाला घाला, नाई तं कसर लागते." तेवढं बोलून ते गेले आणि दहा मिनिटांनी बैलाला घालतात तेवढा पाला घेऊन आले. पाल्यात लाल मुंग्या होत्या. त्या पांढऱ्या ढिगात शिरल्या आणि तिथून माझ्या लेंग्यात. सदाशिवराव म्हणाले, "मुंग्या चांगल्या असते, कसर खाते." मी लेंगा झटकत राहिलो. कारकुनाला संयम लागतो.

मग मांडणीचा विचार केला. कचेरीत मोडकी लाकडी रॅक दोन वर्षांपासून पावसाळी छपराखाली पडून होती. सोमवारी सकाळी मी रीतसर अर्ज केला, की सदर रॅक निरुपयोगी ठरवून योग्य त्या किमतीत मिळावी. अर्ज मीच आवक केला, मीच साहेबांपुढं ठेवला. साहेब म्हणाले, "रॅक निरुपयोगी आहे हे ठरवायला समिती लागेल." समितीची सभा मार्चमध्ये. समितीचा ठराव यवतमाळला जाणार, तिथून मंजुरी येणार, मग लिलाव. मी म्हणालो, "पण साहेब, तिच्यावर कुत्री बाळंत होते." साहेब म्हणाले, "म्हणजे ती उपयोगात आहे." माझीच भाषा माझ्यावर कोणी वापरली की मला फार लागतं.

पण मी हटणारा माणूस नव्हे. सोमवारी दुपारी जेवायला घरी आलो तर ओट्यावर प्रेमसिंग बिडी ओढत बसला होता. प्रेमसिंग आमच्या भिंतीला भिंत लागून राहतो, जिनिंग-प्रेसिंगमध्ये प्रेसवर मिस्त्री आहे. त्यानं दारातून आत डोकावून पाहिलं आणि सहज म्हणाला, "एवढा माल? आमच्या प्रेसमंदी याच्या पाचपट कापूस दीड हातात बसते."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घाण्यासारखा तो प्रेस रात्रंदिवस चालतो, घरासारखा कापसाचा ढीग घेतो आणि लोखंडी पट्ट्यांत आवळून पेटीएवढा करून देतो. आणि या गावात इतकी वर्षं राहून एकाही माणसाला आपल्या घरचं कापड तिथं नेण्याचं सुचलं नव्हतं!

प्रेमसिंगची बायको लालीबाई मधल्या दारातून ऐकत होती. तिच्या हातची बंजारा गोधडी म्हणजे काठाला आरसे, मधे कवड्या, पाहत राहावं अशी. विमलची आणि तिची जोडी. ती म्हणाली, "नोको बाबू-भिया. कापड म्हंजे रुई नाई. आमच्या आज्या-पणज्यानं बैलाच्या पाठीवर मुलुखभर माल वाह्यला, पण जे गोणीत भरलं ते वाटंत केव्हाही सोडता याले पाह्यजे. विमलबाई येऊ द्या, मंग पाहू."

"विमलसाठीच तर करतोय," मी म्हणालो. "तिनं येऊन पाहिलं की खोली रिकामी आणि सगळा संग्रह एका गाठीत!"

"विमलबाई सोडू नोका म्हणून गेलती ना?"

मी टोपी घातली आणि बैलबंडी पाहायला गेलो.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सदाशिवरावांच्या बंडीत घालून सगळं कापड जिनिंगमध्ये नेलं. फाटकावर कोणी नव्हतं, पुंडलिकराव जेवायला गेले होते. प्रेमसिंगनं प्रेसच्या पेटीत खाली बारदान अंथरलं आणि मी रंगाच्या क्रमानं कापड रचलं. लाल, पिवळे, हिरवे, निळे, पांढरे, काळे जाड. वही हातात. पेटी पाऊणसुद्धा भरली नाही. प्रेमसिंग डोकं खाजवत म्हणाला, "पट्ट्या ढिल्या राहीन बाबूसायेब. वरखाली रुई टाका लागंन." मी म्हणालो, "टाक." एवढा एक शब्द. माणूस एका शब्दानं कुठं जातो पाहा. त्यानं रुई टाकली, प्रेस दाबला, पट्ट्या आवळल्या, बारदान शिवलं. अस्सल गाठ झाली. इतर गाठींत आणि तिच्यात तसूभर फरक नव्हता. माझा ऊर भरून आला.

भरून आलेला ऊर घेऊन मी ती उचलायला गेलो तर ती हलेना. आम्ही दोघं मिळूनही हलेना. तेवढ्यात भोंगा झाला, हमाल आले, त्यांनी आकड्या लावून ती इतर गाठींबरोबर ओढत नेली. शिक्केवाल्यानं शाईत ब्रश बुडवून तिच्यावर शेठचा मार्का मारला आणि नंबर टाकला, चारशे सतरा. प्रेमसिंग म्हणाला, "काई हरकत नाई, उद्या हमालाईले सांगून बंडीत चढवून देतो." मी वहीत शेरा लिहिला, "गाठ नं. ४१७, सुरक्षित."

आणि संध्याकाळी, एक दिवस आधी, मायलेकी आल्या.

मी खोली सारवून घेतली होती, बाज टाकली होती. प्रमिला "बाबा!" म्हणून पाहतच राहिली. विमलनं खोलीभर नजर फिरवली, माळ्यावर पाहिलं, आणि पदरानं तोंड पुसत विचारलं, "गाठोडी कोठी?"

मी वही पुढं केली. सगळं सांगितलं. वर्गीकरण, पोत, प्रेस, नंबर. ती बाजेवर टेकली. मला वाटलं, भारावली.

"सोडली तुमी?" ती म्हणाली.

"सोडल्याशिवाय नोंद कशी करणार?"

"निळ्या चादरीच्या गाठोड्यात आईचं लुगडं होतं."

माझ्या सासूबाई मैनाबाई, राळेगावच्या, मागच्या दिवाळीनंतर गेल्या. त्यांनी जाण्याआधी आपलं एक लुगडं स्वतःच्या हातानं धुऊन, घडी घालून विमलला दिलं होतं, की प्रमिलाच्या लेकराची पहिली गोधडी याची शिव, माह्या अंगाची ऊब त्याले लागू दे. वर्षभर विमलला त्याला कात्री लावायचा धीर झाला नव्हता. हे मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर तिनं एकदा सांगितलं होतं आणि मी तेव्हा पेपर वाचत होतो.

मी वही चाळली. अनुक्रमांक तीनशे अठ्ठावीस. मी मोठ्यानं वाचलं, "हिरवे, विटलेले, अति मऊ, नऊवारी, नग एक. शेरा, विशेष उपयोगाचे नाही."

विमल भिंतीकडं तोंड करून रडली. पंचवीस वर्षांत मी तिला भांडताना पाहिलं होतं, पण अशी आवाज न करता रडताना नाही. प्रमिला माझ्याकडं पाहून म्हणाली, "बाबा, हे काय करून ठेवलं जी तुमी?" त्या रात्री कोणी जेवलं नाही, मी थोडंसं जेवलो.

बुधवारी सकाळी मी कचेरीत अर्धी रजा टाकली आणि ठरवलं, की चारशे सतरा घेतल्याशिवाय या घरात परत यायचं नाही. अंगात घालायला काळा कोट शोधला. आमचे साहेब सोडले तर मी कोणाही अधिकाऱ्यापुढं कोटाशिवाय जात नाही. कोट खुंटीवर नव्हता. पेटीत नव्हता. विमलला विचारण्याची सोय नव्हती. शेवटी नुसत्या शर्टावर आणि टोपीवर निघालो, आणि तिथंच माझी अर्धी पत गेली.

जिनिंगच्या आवारात दोन मालमोटारी उभ्या होत्या आणि हमाल गाठी चढवत होते. तीनशे नव्वद, तीनशे एक्क्याण्णव. प्रेमसिंग मला पाहून धावत आला. "बाबूसायेब, आजच माल चाल्ला. शेठचा निरोप आला. पाचशेपर्यंतच्या सगळ्या गाठी मुंबईले."

मी फाटकापाशी धावलो. टेबलामागं पुंडलिकराव बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी चष्म्यावरून माझ्या शर्टाकडं पाहिलं.

"मुनीमजी, चारशे सतरा नंबरची गाठ माझी आहे. ती बाहेर न्यायची आहे."

त्यांनी शांतपणे वही उघडली. पान उलटलं. दुसरं पान उलटलं. हा सगळा प्रकार मी स्वतः इतक्यांदा केलेला आहे, की पुढं काय येणार हे मला कळलं.

"तुमच्या नावानं कोणता माल आत आलाच नाई," ते म्हणाले. "आवक नाई बाबूसायेब. मंग जावक कशी?"

तीन वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं ते. बोलून झाल्यावर त्यांनी तंबाखूची डबी काढली.

मी सांगितलं, अर्ज देतो. ते म्हणाले, द्या. दिला. ते म्हणाले, याच्यावर शेठची सही लागते. शेठ कुठं? अकोल्याला. कधी येणार? शनिवारी. मी म्हणालो, निदान गाठ बाजूला तरी काढा. ते म्हणाले, "गाठीत रुई हाय का नाई? तुमीच लिवलं ना अर्जात, वरखाली टाकली? ते रुई शेठची. बारदान शेठचं, पट्ट्या शेठच्या, मार्का शेठचा. मी गरीब मुनीम, शेठची गाठ तुमाले कशी देऊ?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिली नसती. पण तिकडं हमालांनी चारशे चार चढवली.

मी वळलो, थरापाशी गेलो आणि चारशे सतरावर जाऊन बसलो. हो, बसलो. कचेरीतला माणूस, कोट नाही, टोपी तिरपी, आणि खाली रुईची गाठ. हमाल म्हणाले, "उठा जी बाबू." मी म्हणालो, "उठत नाही." मुनीम म्हणाले, "हे शोभते काय तुमाले?" शोभत नव्हतंच. पण काल संध्याकाळी भिंतीकडं तोंड केलेली विमल मला दिसत होती, आणि शोभण्याचा प्रश्न माझ्यापुरता संपला होता. हमाल चारशे सोळा घेऊन गेले, चारशे अठरा घेऊन गेले. चारशे सतरा मी सोडली नाही.

दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि फाटकातून लालीबाई आत आली. तिच्यामागं विमल. कोणी सांगितलं कोणास ठाऊक, पण तिनं मला गाठीवर बसलेलं पाहिलं. पुंडलिकरावांपुढं जाऊन तिनं पदर नीट केला.

"मुनीमजी, गाठ बाहेर जाऊ शकत नाई ना?"

"नाई बाई. नियम हाय."

"मंग राहू द्या ना आत. गाठ तुमची, पट्ट्या तुमच्या, रुई तुमची. कापडाच्या चिंध्या कोण्या वहीत हाय काय?"

पुंडलिकरावांनी वही उलटसुलट केली. चिंध्या कोणत्याच वहीत नव्हत्या. इथं रोज शे-दीडशे बाया कामाला येत, डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन, आणि जाताना फाटकावर गाठोडं झटकून दाखवत. कापूस निघाला नाही की मोकळ्या. नियम तेवढाच होता. तंबाखू मळता मळता त्यांचा अंगठा थांबला. "रुईचं एक बोंडुक बाहेर गेलं नाई पाह्यजे," ते म्हणाले.

"एक नाई जाणार," लालीबाई म्हणाली आणि तिनं भाकरी खात बसलेल्या बायांना हाक मारली.

प्रेमसिंगनं छिन्नी-हातोडा आणला. "दूर व्हा सगळे," तो ओरडला. मी दूर झालो, पण पुरेसा नाही. पहिली पट्टी तुटली ती सणाणत आली आणि माझी टोपी घेऊन गेली. टोपी पुढं कधीच सापडली नाही, बहुतेक मुंबईला गेली. गाठ उघडली तेव्हा आत कापड नव्हतं, पाट्या होत्या. लाल पाटी, पिवळी पाटी, माझ्या क्रमानं एकावर एक. आणि प्रत्येकीवर रुईचे तंतू असे चिकटलेले, की विमलनं कपाळाला हात लावला.

पण त्या बायांचं सगळं आयुष्य कापूस वेचण्यात गेलेलं. गोल करून बसल्या, मांडीवर एकेक पाटी घेतली, आणि बोटं चालू झाली. पदर, चोळ्या, धोतरं सुटत गेली, रुई एकीकडं, कापड एकीकडं. "अवं, हे तं विमलबाईची लगनातली चोळी!" "हे झबलं पाह्य, एवढंसं!" मी वही घेऊन अनुक्रमांक सांगायला लागलो, तर एक बाई म्हणाली, "ओ बाबू, तुमी थोडं तिकडे बसा." मी तिकडं बसलो.

हिरवी पाटी विमलनं कोणाला दिली नाही. तिनं ती स्वतः सोडवली, घडीघडीनं. तीनशे अठ्ठावीस. फाटलं नव्हतं. काठावर पट्टीचा तेवढा एक काळा व्रण उमटला होता. तिनं ते नाकाशी धरलं आणि मग माझ्याकडं पाहिलं. कालपासून पहिल्यांदा.

भोंगा व्हायच्या आत चाळीस बायांनी चाळीस गाठोडी बांधली. फाटकावर रांग लागली. पुंडलिकरावांनी एकेक गाठोडं स्वतः झटकून पाहिलं. कापूस नाही. जा. कापूस नाही. जा. शेवटी मी. माझ्या काखेत नोंदवही. त्यांनी ती घेतली, उघडून झटकली. सहाशे चाळीस नोंदींमधून रुईचा एक एवढासा पुंजका खाली पडला. त्यांनी तो उचलून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे बरं नाई बाबूसायेब." फाटकाबाहेर उभ्या चाळीस बाया हसल्या. विमलसुद्धा हसली. त्यामुळं मला काही वाईट वाटलं नाही.

प्रमिलाला बावीस दिवसांनी मुलगी झाली. तोवर ओसरीवर रोज लालीबाई आणि जिनिंगच्या चार-दोन बाया सुया घेऊन बसत होत्या. बारशाला माझ्या हातात नातीला देण्यात आलं, गोधडीत गुंडाळून. मी हिरवं लुगडं शोधलं. दिसलं नाही. विमल म्हणाली, "कापवलं नाई मले. तसंच्या तसं घडी करून आत घातलं. आई आतून राहू दे." मी गोधडी दाबून पाहिली. ती खरंच फार मऊ होती. वही आणून मी तीनशे अठ्ठावीसचा शेरा खोडला.

मग माझं लक्ष काठाकडं गेलं. चारी बाजूंनी चार बोटं रुंद काळी पट्टी, लालीबाईच्या हातचे बारीक टाके, कोपऱ्यावर आरसा. कापड जाड, ओळखीचं. एका बाजूला काज होतं.

"हे कुठलं कापड?" मी विचारलं.

"काय मालूम," विमल म्हणाली. "बाहीचं अस्तर शिवाचं म्हणून मी तुमचा कोट गाठोड्यावर ठेवून गेलती. तुमच्या वहीत काय लिवलं हाय पाहा बरं."

मी पाहिलं. अनुक्रमांक सहाशे एकोणचाळीस. माझंच वळणदार अक्षर. "काळे, जाड, झिजलेले, नग एक. शेरा, बाळाच्या कामी येईल."

"माझा कोट परत दे," मी म्हणालो.

"देते ना," ती म्हणाली. "आवक दाखवा."

नातीनं झोपेतच काठाची काळी पट्टी मुठीत धरली होती. मी कोटाचा विषय पुन्हा काढला नाही.